कुठला पेपर बंद करू, मावशी?

पत्र:

मावशी, नमस्कार. मी मुरूड तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, म्हणजे म्हणायला ग्रंथपाल, झाडण्यापासून सगळं मीच करते. आमच्याकडे रोज दोन मराठी पेपर येतात. एक रिटायर्ड गुरुजी आणि एक चाचा, दोघं वर्षानुवर्षं एकाच बाकड्यावर बसून वाचायचे, अर्धा पेपर याच्याकडे अर्धा त्याच्याकडे. गुरुजींचा शाळेतला जोडीदार बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, त्याचं कुटुंब कधीच इस्रायलमधल्या अश्दोदला गेलं, अजून फोन येतो. चाचा कुवेतला होते, १९९० साली सगळं तिथंच टाकून परत आले, आता मुलगा कतारला आहे, त्याचाही फोन येतो. गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून दोघांचं बिनसलंय. एकाच हल्ल्याची बातमी दोन पेपरात वेगळी आली की एक म्हणतो हा पेपर विकला गेलाय, दुसरा म्हणतो तो विकला गेलाय. त्यात कुणीतरी पेनानं बातम्यांवर 'विकाऊ' असं लिहायला लागलंय. कमिटीत विषय आलाय की एक पेपर बंद करा, कटकट मिटेल, आणि कुठला ते मी सुचवायचं. रविवारी मीटिंग आहे. तुम्ही पेपरात नोकरी केलीत, खरं सांगा, यात पैसे कोण खातं? आणि मी कुठला पेपर बंद करू?

मावशीचं उत्तर:

बाय, आधी उत्तर सांगून टाकते, मग पाल्हाळ लावते. कुठलाच बंद करू नकोस. आणि पैसे कोण खातं याचं उत्तर, तुझ्या त्या गाझाच्या बातमीपुरतं तरी, बहुतेक कुणीच नाही.

आता तुला वाटेल मावशी आपल्या धंद्याची बाजू घेतेय. तसं नाही गो. पेपरवाले काही धुतल्या तांदळाचे नाहीत, २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा एवढा बोभाटा झाला की प्रेस कौन्सिलला त्यावर समिती बसवावी लागली आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचं नाव चांगलंच गाजलं. पण उमेदवार पैसे टाकतो ते त्याला त्याच मतदारसंघातली मतं हवी असतात म्हणून. मुरूडच्या वाचकानं गाझाबद्दल काय समजावं यासाठी रात्री देश-विदेशचं पान लावत बसलेल्या उपसंपादकाला कोण कशाला पाकीट देईल? त्याचा पगार वेळेवर झाला तरी तो खूश. झुकतं माप पडतं, शंभर टक्के पडतं, पण त्याची कारणं फार साधी आहेत आणि म्हणूनच चिवट आहेत. पाकीट निदान पकडता तरी येतं.

पहिलं कारण घड्याळ. तुमच्याकडे येतो तो पेपर मुंबईतल्या माणसाच्या दारात पडतो तोच पेपर नसतो, हे तुझ्या कमिटीत किती जणांना माहितीय कोण जाणे. लांबच्या गावांसाठी डाक आवृत्ती असते, ती आधी छापून गाडीत चढवावी लागते, नाहीतर पेण, अलिबाग, रेवदंडा, साळाव करत मुरुडात पोचेस्तोवर दुपार व्हायची. म्हणून डाकेची पानं लवकर सोडतात आणि शहराची उशिरा. परत दोन पेपरांच्या डाकेच्या वेळा सारख्या नसतात, एकाचा छापखाना जवळ, दुसऱ्याचा लांब, एकाची गाडी स्वतःची, दुसऱ्याची वाटेत चार ठिकाणी थांबणारी.

आता १७ ऑक्टोबर २०२३ ची रात्र घे. गाझातल्या अल-अहली हॉस्पिटलच्या आवारात स्फोट झाला तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजत आले होते, म्हणजे आपल्याकडे साडेनऊ. पहिली बातमी आली ती हमासच्या ताब्यातल्या गाझाच्या आरोग्य खात्याच्या हवाल्यानं, की इस्रायलचा हवाई हल्ला, पाचशे ठार. नंतर इस्रायलनं सांगितलं की आमचा संबंध नाही, गाझातल्याच इस्लामिक जिहाद या सशस्त्र गटाचं रॉकेट भरकटून पडलं. पुढच्या दिवसांत अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचा अंदाज आला की मृत शंभर ते तीनशेच्या मधे असावेत आणि इस्रायल म्हणतो ते बरोबर असावं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेनं नोव्हेंबरात साधारण त्याच बाजूला बोट दाखवलं पण पूर्ण चौकशी व्हायला हवी असंही म्हटलं, आणि काही अभ्यासकांनी इस्रायलच्या खुलाशातली भोकं काढली, तो वाद अजून चालूच आहे. न्यूयॉर्क टाइम्सनं २३ ऑक्टोबरला टीप छापली की आमच्या सुरुवातीच्या बातमीत हमासच्या दाव्यावर जरा जास्तच भिस्त होती. एवढ्या मोठ्या पेपरची ही गत, तर आपल्याकडच्या डाकेचं काय सांगू. रात्री लवकर पान सोडलं असेल तर त्यात एकच बाजू, कारण दुसरी बाजू अजून जन्मालाच यायची होती, आणि उशिरा सोडलं असेल तर त्यात दोन्ही. सकाळी दोन्ही पेपर तुझ्या टेबलावर शेजारीशेजारी, आणि गुरुजी आणि चाचा एकमेकांच्या अंगावर.

हे उलट्या बाजूनंही होतं. त्याच महिन्यात चाळीस बाळांची डोकी उडवली असा दावा फिरला. ७ ऑक्टोबरला हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली, त्यात मुलंही होती, ते खरं आहे आणि भयानकच आहे, पण तो चाळीस बाळांचा दावा कुणालाच पक्का करता आला नाही. तोपर्यंत तो ब्रिटनमधल्या पेपरांच्या पहिल्या पानावर गेला होता, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी तर आपण फोटो पाहिल्यासारखं बोलून टाकलं आणि मग व्हाइट हाउसला सांगावं लागलं की त्यांनी स्वतः फोटो पाहिलेले नाहीत. आता पहिल्या दिवशीचा दावा पान एकवर आणि खुलासा चौथ्या दिवशी पान नऊवर दोन इंचात, असं झालं की वाचकाच्या डोक्यात काय राहणार ते तूच सांग.

दुसरं कारण कात्री. हे बाहेरच्यांना फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. एजन्सीची, म्हणजे पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्थेची, कॉपी येते ती मोठी असते, आठशे शब्दांची म्हण. आपल्या पानावर जागा असते दोनशेची, आणि नवाला जाहिरात विभागातून फोन येतो की खाली अजून एक जाहिरात लागलीय, मग ती होते दीडशेची. बातमी लिहायची पद्धतच अशी की महत्त्वाचं वर आणि बाकीचं खाली, म्हणून उपसंपादक कापतो तो नेहमी खालून. आणि खाली काय असतं? "दुसऱ्या बाजूनं मात्र याचा इन्कार केला", "या माहितीची स्वतंत्रपणे खातरजमा होऊ शकली नाही", "गेल्या महिन्यात याच ठिकाणी असं असं झालं होतं". बरोब्बर तेच जातं. लंडनमधून निघताना दोन बाजूंची असलेली बातमी अलिबागला पोचते तेव्हा एका बाजूची झालेली असते आणि मधे कुणाच्याही मनात पाप नव्हतं. मथळ्याचं तेच. तीन कॉलमात मोठ्या टायपात अक्षरं मोजून बसतात, तिथं 'लष्कराचा दावा' हे दोन शब्द बसत नाहीत म्हणून उडतात आणि दाव्याची घटना होऊन बसते.

मग बातमीदार उभा कुठे होता ते बघायचं. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असतं ना, डेटलाइन म्हणतात त्याला, ती वाचायची सवय लाव. गाझाची बातमी आणि डेटलाइन जेरुसलेम, नाहीतर कैरो. याचं कारण युद्ध सुरू झाल्यापासून इस्रायलनं परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही, लष्कराच्या गाडीतून नेतील तेवढंच बघायचं. आत राहिले ते तिथलेच पॅलेस्टिनी पत्रकार, स्वतःचं घर पडलेलं असताना काम करणारे, आणि पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणारी सीपीजे ही संस्था १९९२ पासून नोंदी ठेवतेय, तिच्या नोंदींत इतके पत्रकार दुसऱ्या कुठल्याच युद्धात मेले नाहीत. आणि जिथं हमासची सत्ता तिथं हमासविरुद्ध नाव देऊन बोलायला किती लोक धजावतील तेही डोक्यात ठेवायचं. रशियानं मार्च २०२२ मध्ये कायदाच केला, लष्कराबद्दल 'खोटी माहिती' दिली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग, आणि खोटी कुठली ते सरकार ठरवणार. इथिओपियात टिग्रे प्रांतातलं युद्ध २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेव्हा तिथले फोन आणि इंटरनेटच तोडले, कित्येक महिने आतून बातमीच धड आली नाही, मग ती कमी छापली गेली आणि लोकांना वाटलं तिकडे काही विशेष चाललेलं नाही. २००३ मध्ये इराकवर चढाई करताना अमेरिकेनं वेगळीच युक्ती केली, शेकडो पत्रकारांना तुकड्यांबरोबरच नेलं. त्यांच्याबरोबर जेवायचं, त्यांच्याबरोबर झोपायचं, गोळी आली तर तेच वाचवणार. अशा माणसानं एक शब्द खोटा लिहिला नाही तरी त्याला रणगाड्यात बसून दिसेल तेवढंच दिसणार, ज्या घरावर तोफ वळलीय त्या घरातून काय दिसतं ते त्याला कसं कळावं.

आणि आपल्या मराठी पेपरचा तिकडे कोण असतो? बहुतेक वेळा कुणीच नाही. युद्धभूमीवर माणूस ठेवायचा म्हणजे त्याचा विमा, गाडी, दुभाषा, तिथला वाटाड्या, हा खर्च जिल्हा आवृत्ती चालवणाऱ्या मालकाला झेपतच नाही, इंग्रजी पेपरांनाही जड जातं. मग सगळे एजन्सीवर. पीटीआय, रॉयटर्स, एपी, एएफपी. यातल्या शेवटच्या तीन लंडन, न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या. हे आजचं नाही, १८७० साली रॉयटर, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ यांनी जगाच्या बातम्या चक्क वाटून घेतल्या होत्या आणि ब्रिटिश साम्राज्याबरोबर आपण रॉयटरच्या वाट्याला आलो. पीटीआयनं १९४९ मध्ये काम सुरू केलं तेसुद्धा रॉयटरच्या इथल्या शाखेकडून कारभार हातात घेऊन. मी काही एजन्सीवाल्यांना नावं ठेवत नाही, त्यांची बरीच माणसं प्रामाणिक आणि आपल्यापेक्षा कितीतरी धाडसी असतात, पण कुठली लढाई 'मोठी' आणि कुठली 'स्थानिक' हे ठरतं ते तिकडच्या टेबलावर, तिकडच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून. आपण फक्त मराठी करतो आणि तेही घाईत.

आणि आपलं स्वतःचं टेबल असतं तेव्हा आपण फार निःपक्षपाती असतो अशातला भाग नाही बरं का. १९०५ मध्ये जपाननं रशियाचं आरमार बुडवलं तेव्हा इथल्या राष्ट्रवादी वर्तमानपत्रांना कोण आनंद झाला होता, एका आशियाई देशानं गोऱ्यांना धूळ चारली म्हणून. आणि तो जपान कोरियात काय करत होता याची चौकशी करायची त्यांना काही गरज वाटली नाही.

चाचांसाठी एक गोष्ट सांगते, त्यांना ती ठाऊक असेलही. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत गिळलं. आपल्या रायगड-रत्नागिरीतली किती घरं त्या आठवड्यात रेडिओला कान लावून बसली होती, आणि मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या घरात माणसं परत आणली, चाचा त्यातलेच. तर त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत खासदारांच्या एका गटासमोर नायिरा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनं रडत रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीतली नवजात बाळं काढून फरशीवर टाकली. जगभर छापून आलं, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितलं. १९९२ च्या जानेवारीत कळलं की ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेतच्या राजदूताची लेक, आणि हे सगळं हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीनं जुळवून आणलेलं, कुवेती पैशातून. बाळांच्या त्या गोष्टीला पुरावा मिळालाच नाही. बघ, इथं पैसे होते. पण ते पेपरवाल्याच्या खिशात गेले नाहीत, ते त्याच्या आधीच्या पायरीवर खर्च झाले, त्याला तयार, रडवणारी, फोटोसकट बातमी फुकट मिळाली आणि त्यानं ती छापली. इराकी सैन्यानं कुवेतमध्ये खरोखर अत्याचार केले होते हे चाचांना मी काय सांगू, त्यांनी डोळ्यांनी पाहिले असतील. खऱ्या अत्याचारांच्या गर्दीत खोटा बेमालूम मिसळतो, म्हणून तर तो खपतो.

बारा वर्षांनी परत तेच. इराकच्या सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत असं सरकारी 'सूत्रं' सांगत राहिली, पेपर छापत राहिले, अस्त्रं निघालीच नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सनं मे २००४ मध्ये कबूल केलं की आम्ही पुरेसे कठोर राहिलो नाही. तोवर युद्ध होऊन वर्ष उलटलं होतं. लान्स बेनेट म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की सरकारात आणि विरोधी पक्षात जेवढा मतभेद असेल तेवढाच पेपरात उमटतो, दोघांचं एकमत झालं की पेपरातून तिसरं मतच गायब. परराष्ट्र धोरणाच्या बाबतीत तर जास्तच, कारण वाचकाला स्वतः जाऊन बघता येत नाही. आपल्याकडचंही बघ की. आपण १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, दिल्लीचा वारा जसा फिरतो तसा अग्रलेखांचा सूर पण हळूहळू फिरतो, कुणी हुकूम सोडायची गरज पडत नाही.

पैसे कोण खातं विचारलंस, म्हणून मालकाचंही सांगते. मालक गाझावरून फोन करत नाही गो. त्याला खप हवा, जाहिरात हवी, सरकारशी वाकडं नको. पण हे संपादकाला माहीत असतं, आणि वाचकाला काय आवडतं हेही माहीत असतं. वाचकाला चीड आणणारी बातमी मोबाइलवर जास्त उघडली जाते, मग तशीच अजून एक लागते. तेवढंच.

त्यापेक्षा मला जास्त खटकतं ते 'आपली माणसं'. एप्रिल २०२४ मध्ये इराणनं एमएससी एरीज हे जहाज पकडलं. पंचवीस खलाशी, त्यातले सतरा भारतीय. आपल्या सगळ्या पेपरांचा मथळा सतरा. कोकणात घराघरातला पोरगा जहाजावर, त्यामुळे ते समजण्यासारखंच आहे, आईला आधी आपलाच दिसतो. पण उरलेल्या आठांमधे फिलिपिनो होते, दोन पाकिस्तानी होते, एक रशियन, एक एस्टोनियन, त्यांचं काय झालं हे किती मराठी वाचकांना कळलं? सुदानचं तर अजून वाईट. १५ एप्रिल २०२३ ला तिथं सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, आपल्याकडे पहिल्या पानावर, कारण तिथं भारतीय अडकले होते. ऑपरेशन कावेरी झालं, पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे चारेक हजार लोक घरी आले, विमानतळावरचे हारतुऱ्यांचे फोटो लागले, आणि सुदान पेपरातून उठला तो उठलाच. युद्ध चालूच होतं. एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून पळाली, ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तुझ्या वाचनालयात सुदानवरून कधी भांडण झालं का गो? नाही झालं ना. छापूनच आलं नाही तर भांडतील कशावरून! मला विचारशील तर 'विकाऊ' हा शब्द लिहायचाच असेल तर तो त्या मोकळ्या जागेत लिहावा जिथं ही बातमी असायला हवी होती. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या दोघांनी १९६५ मध्ये नॉर्वेचे पेपर घेऊन कांगो, क्युबा आणि सायप्रसच्या बातम्या तपासल्या होत्या, त्यांचंही म्हणणं साधारण हेच, की जे आपल्याला जवळचं, बड्या देशांशी जोडलेलं, एकदम घडलेलं आणि वाईट, ते बातमी होतं. हळूहळू उपासमारीनं मरणं बातमीत बसत नाही.

आता तुझ्या दोन म्हाताऱ्यांकडे येते. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतच्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झालं होतं, त्याच्या टीव्हीवरच्या बातम्या अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष छापला. त्याच क्लिपा, तेच शब्द. इस्रायलच्या बाजूच्या पोरांना वाटलं बातमी इस्रायलविरोधी आहे, अरबांच्या बाजूच्या पोरांना वाटलं ती इस्रायलधार्जिणी आहे. आणि ज्याला त्या विषयाची जास्त माहिती, तो जास्त चिडलेला! तुझे गुरुजी आणि चाचा दोघंही माहितगार आहेत, हीच तर पंचाईत. माझ्यासारख्या बाईला गाझा नकाशावर शोधावं लागतं, ती कशाला भांडेल.

मात्र यावरून असं समजू नकोस की दोन्हीकडून शिव्या पडतात म्हणजे पेपर बरोबर असणार. हे संपादकांचं आवडतं पांघरूण आहे. दोन्हीकडून शिव्या खाणारी बातमी साफ चुकीची पण असू शकते. कधी कधी एका बाजूचं म्हणणं खरं असतं आणि दुसरीचं खोटं, तिथं दोघांना अर्धा अर्धा कॉलम दिला तर तोसुद्धा खोटेपणाच.

दोघांकडे फोन येतात हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. आपल्या किनाऱ्याचं हे वेगळेपण बघ, अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं आणि वाचलेले इथेच राहिले असं बेने इस्रायली सांगतात, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली. त्यांचे नातू-पणतू आज अश्दोदला, आणि शेजारच्या मोहल्ल्यातली पोरं कतार-कुवेतला. गुरुजींचा मित्र सांगत असेल की सायरन वाजला की जिन्याखाली पळतो, ते खरं आहे. चाचांचा मुलगा सांगत असेल की २०२५ च्या जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं कतारमधल्या अल उदैदच्या अमेरिकी तळावर आली आणि सप्टेंबरात इस्रायलनं दोह्यातच हल्ला केला, तेही खरं आहे. पण जिन्याखालून जिना दिसतो. गाझातल्या माणसाचा फोन या दोघांपैकी कुणालाच येत नाही, हे त्यांना एकदा हळूच सांगून बघ, वाद घालायला म्हणून नको, नुसतं विचार, "तिथून कुणाचा येतो का हो फोन?"

आता कामाचं. कमिटीत तू कुठलाही पेपर सुचवायचा नाही. एक बंद केलास की त्या दिवसापासून वाचनालय एका बाजूचं झालं, आणि ज्याचा बंद होईल तो म्हातारा यायचा थांबेल, वर्गणीचा प्रश्न तर पुढचाच. तू सांग की दोन्ही पेपर राहतील, मात्र परदेशातल्या युद्धाच्या बातम्यांसाठी एक वही ठेवणार. एखाद्या मोठ्या घटनेची दोन्ही पेपरांतली कात्रणं डावीकडे चिकटवायची, उजवीकडचं पान कोरं. तीन-चार दिवस थांबायचं. मग त्याच घटनेबद्दल पुढं काय छापून आलं, आकडा बदलला का, खुलासा आला का, ते उजवीकडे. रोज नको, तुला दुसरी कामं आहेत, महिन्यातून एखादी घटना पुरे. कात्री पेपर शिळा झाल्यावरच लाव, नाहीतर मागच्या पानावरचं शब्दकोडं कापलं जाईल आणि तुझ्यावर वेगळंच बालंट येईल.

ते पेनवालं प्रकरण. माझा अंदाज आहे की ते दोघांपैकी कुणी नाही, तिसराच कुणीतरी मजा बघणारा आहे. त्याला शोधत बसू नकोस. टेबलावर दोऱ्यानं बांधून एक पेन्सिल ठेव आणि पाटी लाव की पेपरावर काही लिहायचं असेल तर एकच गोष्ट लिहायची, हे सांगितलं कुणी. लष्करानं, मंत्र्यानं, आरोग्य खात्यानं, साक्षीदारानं की बातमीदारानं स्वतः पाहिलं, त्या शब्दाखाली रेघ. बातमीत तो शब्दच नसेल तर प्रश्नचिन्ह. मृतांच्या आकड्याखाली तर हटकून. गाझाचा आकडा आला की 'हमासच्या ताब्यातल्या आरोग्य मंत्रालयानुसार' असं लिहितात, ते बरोबरच आहे, पण मग लष्करानं इतके अतिरेकी टिपले म्हटलं की तिथंही 'लष्करानुसार' हवं, आणि त्याच मंत्रालयाचे आधीच्या युद्धांतले आकडे नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीशी बऱ्यापैकी जुळले होते हेही वाचकाला कधीतरी सांगायला हवं. अशी रेघ मारायला लागलं की 'विकाऊ' लिहिण्यातली मजा जाते, कारण मग वाचावं लागतं.

गुरुजींना आणि चाचांना समजवायला जाऊ नकोस, तू त्यांच्या लेकीच्या वयाची, ते ऐकणार नाहीत आणि तुझाच अपमान होईल. त्यांना काम दे. गुरुजींचं अक्षर चांगलं असणारच, वही त्यांच्याकडे. चाचांना अरबी वाचता येत असेल तर अल जझीराचं अरबी पान मोबाइलवर बघून तिकडे आज वर काय आहे ते सांगायचं, आणि गुरुजींनी अश्दोदच्या मित्राला विचारायचं की तिकडच्या पेपरात आज पहिली बातमी काय. अल जझीरा कतार सरकारच्या पैशावर चालतं, ते चाचांना आधीच सांगून ठेव, नाहीतर गुरुजी सांगतील आणि परत पेटेल.

कमिटीनं तरी हट्ट धरला की खर्चासाठी एक पेपर कमी कराच, तर मग पैशाचं कारण ठरावात पैशाचं म्हणूनच लिहून घे, आणि जो पेपर जाईल त्याचा रविवारचा अंक तरी चालू ठेवायला सांग. देश-विदेशचं पान रविवारी जरा मोठं असतं, त्या दिवशी जाहिरात कमी पडली तर सुदानलाही जागा मिळते.

तुझी,
मावशी